रत्नागिरीत विदर्भासारखं ऊन नसतं, मग लॅब्रॅडॉरला उन्हाळ्यात वेगळं जपायला हवं का?

हवं, आणि कारण दमट हवा. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गादीला. बाकी अंग थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरची ओल उडून. मे महिन्यात किनाऱ्यावर ती ओल नीट उडत नाही, म्हणून पारा ३४ वर असला तरी त्याचा जीव कासावीस होतो.

दुपारी त्याला पत्र्याच्या शेडखाली बांधू नका, पडवीत किंवा माजघरात येऊ द्या. चिऱ्याचं अंगण आणि पुळण पाय भाजतात. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर फेरी सूर्य कलल्यावर. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका. केस मुळापासून भादरूही नका, नुसते विंचरा. (गाडीत बंद करून देवदर्शनाला जाणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

धाप थांबेना, लाळ चिकट झाली, तोल जाऊ लागला तर उष्माघात समजा. लगेच सावलीत आणून साध्या गार पाण्याने अंग भिजवा, विशेषतः पोट आणि जांघा, वर पंखा लावा. शुद्धीत असेल तरच पाणी पाजा, आणि लगोलग पशुवैद्याकडे न्या. तरतरी आलेली दिसली तरीही.