खिडकीच्या आत

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. दोन वर्षं जमवलेल्या काउंटर-स्ट्राइकच्या स्किन्स (गेममधल्या शस्त्रांची सजावट) एका संध्याकाळी गेल्या, नेणारा तुझ्याच क्लॅनमधला, म्हणजे रोजच्या खेळाडूंच्या गटातला, आणि तेव्हापासून तू गेम उघडलेला नाहीस. फार वाईट वाटलं. बोलायचं पुष्कळ आहे, पण काही कामं वेळेत व्हायला हवीत. ती आधी कर, मग पुढचं वाच.

पहिलं काम, स्टीमचा (जिथून हा गेम चालतो आणि स्किन्सची देवाणघेवाण होते) पासवर्ड बदल आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट हो. ईमेलचाही पासवर्ड बदल, कारण ज्याच्या हाती तुझा ईमेल, त्याच्या हाती बाकीचं सगळं. अकाउंटवर एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रॅमला तुझ्या अकाउंटवर काम करू देणारी किल्ली) नोंदवलेली आहे का ते बघ. तू स्वतः नोंदवली नसशील आणि तरी दिसली, तर रद्द कर. गेल्या काही दिवसांत कुणी पाठवलेली फाईल उघडली असशील, तर हे सगळं दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून कर. चॅटचे स्क्रीनशॉट काढ, त्या प्रोफाइलचा आकडी आयडी लिहून ठेव (नाव आणि फोटो तो क्षणात बदलेल, तो आकडा बदलता येत नाही), मग रिपोर्ट कर आणि ब्लॉक सगळ्यात शेवटी. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ मधल्या वस्तूंचा ट्रेड सात दिवसांच्या आत उलटवता येतो. ट्रेड हिस्टरीत तो पर्याय सापडेल. त्या मुदतीतले तुझे असे सगळेच ट्रेड उलटतील आणि पुढे ३० दिवस ट्रेडिंग बंद राहील. राहू दे. अकाउंट सुरक्षित झालं की हे आजच कर.

झालं असेल तर आता बोलू.

तू लिहिलंस, ‘इतका बावळट कसा निघालो कळत नाही.’ हे वाक्य मला मान्य नाही. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्वतः जाहीर केलं होतं की महिन्याला सुमारे ७७,००० स्टीम अकाउंट हायजॅक होऊन लुटली जात आहेत. आणि हे नवखे, भाबडे लोक नव्हेत, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. त्यात व्यावसायिक खेळाडू होते, रोज ट्रेडिंग करणारे होते. फसवणाऱ्याने तुझ्यावर वेळ खर्च केला. कुठल्या शब्दाला तू विरघळतोस, रात्री किती वाजता थकलेला असतोस, हे त्याने पाहून ठेवलं. तुझ्याशी तो पहिल्यांदाच खेळत होता. त्याने मात्र हाच डाव शंभरदा खेळलेला होता.

माझंही असंच झालं होतं. खूप वर्षांपूर्वी एका गेममध्ये आठ महिने मी एका गिल्डबरोबर, म्हणजे खेळाडूंच्या गटाबरोबर, खेळलो. त्यातल्या एकाशी रोज बोलणं व्हायचं. एका रात्री त्याने माझं चिलखत फक्त एका लढाईपुरतं मागितलं. मी दिलं, आणि तो गेला. गिल्डच्या सामाईक पेटीतलंही सगळं घेऊन गेला. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चिलखत सहा आठवड्यांत पुन्हा मिळवता आलं असतं. मी मात्र वर्षभर कुठल्याच गिल्डमध्ये गेलो नाही, आणि ते नुकसान चिलखतापेक्षा मोठं होतं. तू गेम उघडत नाहीस हे वाचलं तेव्हा मला तेच वर्ष आठवलं, म्हणून हे पत्र इतकं लांबतंय.

त्या वर्षात मी फसवणुकीचे प्रकार गोळा करत बसलो. प्रकार ढीगभर आहेत, पण जवळपास सगळ्यांत एक पायरी सारखी दिसली. गेमने देवाणघेवाणीसाठी एक खिडकी दिलेली असते: दोघांच्या वस्तू समोरासमोर, दोघांची संमती, मगच अदलाबदल. फसवणाऱ्याला तुला या खिडकीच्या बाहेर काढावं लागतं. आत राहून त्याला फारसं काही करता येत नाही. त्यामुळे समोरचा खरा की खोटा हे ओळखायच्या फंदात मी आता पडत नाही, माणसं ओळखण्यात मी तेव्हाही कच्चा होतो. तो मला खिडकीबाहेर यायला सांगतोय का, एवढंच बघतो.

आतमध्येही हातचलाखी चालते, ती थोडक्यात सांगतो. शेवटच्या क्षणी वस्तू बदलून हुबेहूब दिसणारी स्वस्त वस्तू ठेवायची. रकमेतलं एक शून्य गाळायचं. ‘इंटरनेट गेलं, पुन्हा करू’ म्हणत तीन-चारदा ट्रेड रद्द करायचा आणि पाचव्या वेळी, तू न बघता संमती देशील तेव्हा, वस्तूच ठेवायची नाही. रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये ट्रेड दोन पडद्यांवर होतो, आणि कुणी एखादी वस्तू काढून घेतली तर त्या जागी लाल उद्गारचिन्ह लुकलुकतं. ही सोय उगाच आलेली नाही. दुसरा पडदा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघतोयस असा वाच. वस्तूवर कर्सर नेऊन तिचं पूर्ण नाव बघ. समोरचा ‘लवकर कर, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय’ म्हणाला तर त्याला त्या दुसऱ्याकडे जाऊ दे.

बाहेरचं जग मात्र मोठं आहे. ‘तू आधी दे, मग मी देतो.’ ‘दोन वेगवेगळ्या गेममधल्या वस्तूंची अदलाबदल करू.’ हे दुसरं कुठल्याच खिडकीत मावत नाही, म्हणजे कुणीतरी एकाने आधी आणि विश्वासावर द्यायचं, आणि तो एक तू असणार. ‘मला पैसे दे, दुप्पट करून देतो’ हा तर रुनस्केपमधला फार जुना डाव. पहिल्या दोन छोट्या रकमा तो खरोखर दुप्पट करून देतो, म्हणूनच तिसरी मोठी जाते. तिथलीच आणखी एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ‘तुझ्या चिलखताला फुकट सोनेरी किनार लावून देतो’ म्हणत लोक नवख्यांची चिलखतं घेऊन पसार व्हायचे. सोनेरी किनारीचं चिलखत खजिन्याच्या शोधातून तयारच मिळायचं; दुसऱ्याच्या चिलखताला ती लावून देण्याचं कौशल्य त्या गेममध्ये नव्हतंच. नवख्याला हे ठाऊक नसायचं. तेव्हा कुणी काही करून देतो म्हणाला, की आधी ते गेममध्ये मुळात शक्य आहे का ते शोध. दोन मिनिटांचं काम आहे.

मध्यस्थाच्या डावात शहाणीसुरती माणसंही अडकतात, कारण मध्यस्थ घेणं हेच मुळी सावधपणाचं वाटतं. समोरचा म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही ना, मग आपण क्लॅनच्या अमुक माणसाला मध्ये घेऊ. अमुक माणूस खरोखर भला असतो, पण तुझ्याशी बोलायला येतो तो त्याचा फोटो लावलेला आणि नावात इंग्रजी छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ टाकलेला तिसराच. वाचताना फरक दिसत नाही. मध्यस्थ घ्यायचाच असेल, तर त्याच्याशी संपर्क तू साध, तुझ्या जुन्या चॅटमधून. समोरच्याने आणून दिलेला मध्यस्थ हा त्याचाच दुसरा हात समज.

आता लॉगिनची चोरी. इथे खिडकी म्हणजे लॉगिनची खिडकी. ‘आमच्या टीमला मत दे’, ‘स्पर्धेसाठी पाचवा खेळाडू हवाय, इथे नाव नोंदव’ अशा लिंकवर गेलास की स्टीमची लॉगिनची खिडकी उघडते, वर अचूक पत्ता, कुलपाचं चिन्ह, सगळं असतं. कित्येकदा ती खिडकी नसतेच; पानावर काढलेलं खिडकीचं चित्र असतं. ती धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघ. खरी खिडकी बाहेर येते, चित्र कडेलाच अडतं. त्याहून सोपं म्हणजे लिंकवरून लॉगिन करायचंच नाही. स्वतः पत्ता टाकून स्टीमवर जायचं. तिथे आधीच लॉगिन असताना ते पान पुन्हा पासवर्ड मागत असेल, तर संशय घ्यायला तेवढं पुरे.

असा पासवर्ड आणि कोड एकदा हाती लागला की काही चोर लगेच लूट करत नाहीत. तुझ्या अकाउंटवर एपीआय की नोंदवतात आणि वाट बघतात. तू महिन्याभराने खऱ्याखुऱ्या माणसाशी ट्रेड करायला गेलास की त्यांचा प्रोग्रॅम ती ऑफर रद्द करतो आणि त्याच माणसाचं नाव-फोटो लावलेल्या खोट्या अकाउंटकडून दुसरी ऑफर धाडतो. फोनवर मंजुरी देताना तुला नाव ओळखीचं दिसतं. म्हणून मंजुरीच्या वेळी समोरच्याची लेव्हल आणि अकाउंट कधीचं आहे हे बघायची सवय लाव. तुला ती की शोधायला सांगितली ती यासाठी.

‘माझा छोटा गेम बनवलाय, जरा खेळून बघ’ हा मेसेज मित्राकडून आला तरी फाईल उघडू नकोस. त्यातला प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज (तू लॉगिन केलेलं आहेस याची जपलेली नोंद) उचलतो, आणि कुकी हाती आली की पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. रोब्लॉक्स या गेमच्या लॉगिन कुकीच्या सुरुवातीलाच ‘ही कुणाला देऊ नका’ अशी इंग्रजी सूचना लिहिलेली असते, तरी ‘हा कोड कॉपी करून पाठव, रोबक्स (तिथलं चलन) मिळतील’ यावर मुलं ती पाठवतात. फुकट रोबक्स बनवून देणारं काही अस्तित्वातच नाही. डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांच्या ॲपवर) कुणी दिलेला क्यूआर कोड स्कॅन करणं म्हणजे त्याला आपल्या जागी लॉगिन करू देणं. अकाउंट विकत घेणं, लेव्हल वाढवून घ्यायला पासवर्ड देणं, याबद्दल एवढंच सांगतो की जुना मालक पहिल्या खरेदीची पावती दाखवून अकाउंट परत मिळवू शकतो, आणि तुला तक्रारही करता येत नाही.

एका डावाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ‘सॉरी, मी चुकून तुझ्या अकाउंटचा रिपोर्ट केला, आता तुझ्यावर बंदी येणार, या अधिकाऱ्याशी लगेच बोल.’ इथे हाव नाहीच. घाबरलेलं मूल असतं, आणि समोर माफी मागणारा, मदत करू पाहणारा कुणीतरी. मग तो खोटा अधिकारी ‘तपासणीसाठी’ वस्तू मित्राकडे पाठवायला सांगतो, ईमेल बदलायला लावतो, कोणाशी बोलू नकोस म्हणतो. व्हॉल्व्हचा कुठलाही कर्मचारी डिस्कॉर्डवर किंवा स्टीमच्या चॅटमध्ये असं बोलायला येत नाही. आणि ‘कोणाला सांगू नकोस’ हे शब्द कुणीही उच्चारले, की त्याच क्षणी उठून कुणाला तरी सांगायचं. तूही घरी सांग. कदाचित बोलणी बसतील, पण हे ओझं एकट्याने वागवू नकोस.

तुझा गेम फसवणुकीकडे कसा बघतो हेही माहीत असू दे. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये गेमच्या आतली फसवणूक नियमांनुसार चालते. २००६ मध्ये तिथे एका खेळाडूने चालवलेली बँक ठेवीदारांचे ७०० अब्जांहून जास्त इस्क (तिथलं चलन) घेऊन बुडाली, आणि ती गेमचाच भाग मानली गेली. रुनस्केपने याच्या उलट टोक गाठलं होतं. खऱ्या पैशांचा चोरटा व्यापार आणि त्यासाठी वापरली जाणारी चोरीची क्रेडिट कार्डं थांबवायला त्यांनी २००८ च्या सुरुवातीला मुक्त ट्रेडच बंद केला. मित्राला मोठी भेट देता येईना, सुरुवातीला तर उसनंही देता येईना. २०१०-११ मध्ये खेळाडूंचं मत घेतलं तेव्हा दहा लाखांहून जास्त मतं पडली आणि ९१ टक्के लोक म्हणाले, आम्हाला परत हवंय. धोका ठाऊक असूनही म्हणाले. मला ते लोक पटतात. उसनं मागणाऱ्या प्रत्येकाला तू यापुढे नाही म्हणावंस असं मला वाटत नाही. गेली तरी झोप उडणार नाही अशी वस्तू खुशाल दे. बाकीचं खिडकीतून.

आणि आता ती गोष्ट, जी मी मुद्दाम मागे ठेवली. तू लिहिलंयस की त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा व्हॉइसवर आला नाही, माइक बिघडलाय म्हणाला आणि सगळं टाइप करून बोलला. हे तू सहज लिहून गेलास, पण मी ते वाक्य तीनदा वाचलं. अकाउंट चोरणारा पहिल्यांदा त्या माणसाच्या मित्रयादीकडेच वळतो, कारण तिथे विश्वास आयता असतो. तुझ्याशी बोलत होता तो तुझा मित्र नसण्याची मोठी शक्यता आहे. माझ्या वेळी तो खरोखर तोच होता. मी नंतर खात्री करून घेतली होती. तू अजून केलेली नाहीस.

तुझ्याकडे त्याचा फोन नंबर आहे, किंवा क्लॅनमधल्या कुणाकडे तरी असेल. गेमच्या चॅटवर नको, डिस्कॉर्डवर नको. फोन कर आणि त्याचा आवाज ऐक. त्याचंही अकाउंट गेलं असेल, तर त्याच्याही स्किन्स गेल्यात आणि तोही कुठेतरी तुझ्यासारखाच गेम बंद करून बसला असेल, क्लॅनमधले सगळे आपल्याला चोर समजतायत असं समजून. काय म्हणाला ते मला कळव. कितीही वाजता.

तुझा,
जुना सहखेळाडू