बसच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू: भरपाईच्या दाव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: थोरल्या भावाला रस्ता ओलांडताना सार्वजनिक बसने उडवले. काही आठवडे रुग्णालयात होता, मग गेला. पोलीस म्हणतात, आमचा अहवाल न्यायाधिकरणाकडे जाणारच आहे, तुम्हाला वेगळे काही करायला नको. थांबावे का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: थांबू नका. पोलीस सांगतात ते कागदावर खरे आहे. 2022 च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत तपशीलवार अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो अहवाल दावा अर्ज म्हणून धरता येतो. प्रत्यक्षात तो रेंगाळतो. त्यात तुमच्या भावाचे उत्पन्न किंवा त्याच्यावर कोण अवलंबून होते हे नीट आलेले असेल याचीही खात्री नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली स्वतःचा अर्ज द्या. पुढे पोलिसांचा अहवाल आला तर तो त्यालाच जोडला जातो.

मुदतीकडे विशेष लक्ष द्या. 1 एप्रिल 2022 पासून हा अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यायचा असतो आणि हे सहा महिने मृत्यूपासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासून मोजतात. रुग्णालयात गेलेले आठवडे त्यातच धरले जातात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नये. अर्ज अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा सामनेवाल्यांच्या (ज्यांच्यावर दावा आहे त्यांच्या) ठिकाणी, कुठल्याही एका न्यायाधिकरणात देता येतो. सुनावणीच्या तारखा पडणार हे धरून घराजवळचे निवडा.

मृत्यू उशिरा झाला असल्याने 'मृत्यू अपघातामुळे नाही, दुसऱ्याच आजाराने झाला' हा बचाव हमखास येतो. दाखल केल्याची नोंद, उपचाराचे सगळे कागद आणि शवविच्छेदन अहवाल यांची साखळी जुळली पाहिजे. उपचाराची बिले मूळ प्रतीत जपा, तो खर्चही दाव्यात मागता येतो.

पोलिसांकडून घ्यायच्या प्रती: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा नकाशासह, मरणोत्तर पंचनामा, बसचा आरटीओ तपासणी अहवाल, चालकाचा परवाना, दोषारोपपत्र. यात सगळ्यात जास्त वजन घटनास्थळ पंचनाम्याला असते आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. रस्त्याची रुंदी, कडेपासून धडकेच्या जागेचे अंतर, ब्रेकच्या खुणांची लांबी, बसच्या कुठल्या भागाला मार आहे, एवढे त्यात हवेच. समोरचा डावा कोपरा दबलेला असेल तर चालकाला माणूस दिसायला हवा होता असे म्हणता येते. मार मागच्या चाकाजवळ असेल तर 'तोच बाजूने येऊन आदळला' हे उत्तर येते. पंचनाम्यात यातले काही राहिले असेल तर पोलीस निरीक्षकांना पुरवणी पंचनाम्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्याच दिवशी आगार व्यवस्थापकांनाही पत्र द्या: त्या बसचे सीसीटीव्ही चित्रण, जीपीएस नोंद आणि त्या दिवसाचा ड्युटी तक्ता जपून ठेवावा. चित्रणावर काही दिवसांनी नवे चित्रण चढते. रस्त्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचेही तेच, म्हणून तिथून लगेच प्रत मागा. न्यायालयात ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते.

प्रश्न: बसवर महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचे नाव आहे, पण बस ठेकेदाराची आणि चालकही ठेकेदाराचा, असे कळले. दावा कुणावर करायचा? (एक वाचक, पुणे)

उत्तर: सगळ्यांवर. नोंदणीचा मालक म्हणजे ठेकेदार, त्याची विमा कंपनी, परिवहन उपक्रम आणि चालक, चौघेही सामनेवाले करा. बसचा क्रमांक परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाकला की विम्याची माहिती मिळते. बसवर प्रत्यक्ष ताबा आणि नियंत्रण महामंडळाचे असेल तर भाड्याच्या बससाठीही महामंडळ जबाबदार ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये म्हटले. अशा बसची विमा कंपनीही सुटत नाही, हे 2011 च्या निकालात आले. एकालाच सामनेवाला केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि नवा पक्ष जोडण्यात महिने जातात.

बस उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीची असेल तर विमा कंपनी नसूही शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे सरकारी परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट मिळू शकते, त्यासाठी त्यांनी स्वतंत्र निधी ठेवायचा असतो. मग भरपाई उपक्रमालाच द्यावी लागते.

प्रश्न: वडील झेब्रा पट्ट्यांवरून जात नव्हते. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला. आता दावा संपला का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, न्यायाधिकरणात शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहतात. साक्षीदार फितूर झाल्याने सुटलेल्या चालकाचा निकाल इथे बंधनकारक नसतो. चालक हाच अपघाताचा मुख्य साक्षीदार. उपक्रमाने त्याला साक्षीला आणले नाही तर त्यांच्याविरुद्ध अनुमान काढा, असा युक्तिवाद तुमच्या वकिलांनी जरूर करावा. आणला तर उलटतपासात वेग, हॉर्न, ब्रेक आणि माणूस किती अंतरावरून दिसला, यावरच भर हवा.

पट्ट्यांचा मुद्दा वजनदार आहे, त्यामुळे रक्कम कमी होऊ शकते. पण पादचाऱ्याचाही हलगर्जीपणा होता हे सिद्ध करायचे काम त्यांचे. पट्टे किती अंतरावर होते, पुसलेले होते का, दिवे होते का, याचे फोटो आताच काढून ठेवा.

प्रश्न: पतीचे छोटे दुकान होते, आयकर विवरण भरलेले नाही. भरपाईचा हिशेब कसा होतो? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: विवरण नसले तरी बँक पासबुक, दुकान परवाना, घाऊक व्यापाऱ्यांची बिले, शेजारच्या दुकानदाराचे शपथपत्र यांवरून उत्पन्न ठरते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेते, आणि मग आकडा खाली येतो. म्हणून बिले रद्दीत घालू नका.

सूत्र सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांचे. यातला पहिला दावा दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धचाच होता. समजा वय 38, महिना उत्पन्न 24,000, मागे पत्नी, दोन मुले आणि आई (म्हणजे तुमच्या सासूबाई). वर्षाचे 2,88,000. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारासाठी भविष्यातील वाढ 40 टक्के, म्हणजे 4,03,200. अवलंबित चार ते सहा असतील तर स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 3,02,400. 36 ते 40 या वयाला गुणक 15, म्हणजे 45,36,000. सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी 40,000, संपत्तीची हानी आणि अंत्यविधी यांचे प्रत्येकी 15,000 हे 2017 चे आकडे. त्यात दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ. दोन वाढी धरल्या तर 48,400 आणि 18,150. चौघांचे 1,93,600 आणि बाकीचे 36,300 मिळून एकूण 47,65,900 रुपये. दोष 20 टक्के पतीकडे धरला गेला तर यातून 9,53,180 जातात. व्याज वेगळे, बहुधा अर्जाच्या तारखेपासून.

सासूबाईंचे नाव अर्जातून गळू देऊ नका. अवलंबित तिघे धरले की वजावट एक तृतीयांश होते आणि फरक लाखांत जातो. एलआयसीचे पैसे मिळाले असले तरी ते भरपाईतून वजा होत नाहीत.

कलम 164 खाली दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ठरावीक 5 लाख मिळतात, हेही कुणी सुचवेल. पुरावा अगदीच तोकडा असेल तरच त्याचा विचार करावा.

प्रश्न: निकाल आमच्या बाजूने लागला, पण पैसे येत नाहीत. (एक वाचक, नांदेड)

उत्तर: उपक्रमाला अपिलासाठी 90 दिवस असतात आणि त्यासाठी आधी 25,000 किंवा निकालाच्या रकमेचा अर्धा भाग, यातले जे कमी ते भरावे लागते. उच्च न्यायालय स्थगिती देताना बहुधा रक्कम जमा करायला लावते. तसे झाले तर त्यातला काही भाग काढण्याची परवानगी मागा. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर कलम 174 खाली वसुली दाखला मागा. त्यावर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. दुसरा मार्ग दरखास्तीतून (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जातून) जप्तीचा. बस जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण त्यापेक्षा उपक्रमाच्या बँक खात्यावर जप्ती मागणे जास्त कामाचे.