वाचकांचे प्रश्न : भिंतीपलीकडचा आवाज

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात एका सभासदाने जुन्या मल्याळम कथा-कादंबऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या कल्पनांच्या आधारे वाचाव्यात, असे सुचवले. ज्या लेखकांनी असे यंत्र कधी पाहिलेही नाही, त्यांच्यावर हा अन्याय नव्हे काय?

उत्तर : लेखकाला द्रष्टा ठरवण्यासाठी असे वाचन होत असेल, तर तो अन्यायच आहे. वेंगयिल कुञ्ञिरामन नायनार यांच्या ‘वासनाविकृती’ (1891) या कथेतला चोर आपल्या चौर्याचे खापर घराण्याच्या वारशावर फोडतो. यंत्राचे दोषही त्याला शिकवताना वापरलेल्या मजकुरातून येतात, हे तेथे आठवणे सोपे आहे, पण त्या तुलनेत स्वतःचीच फजिती सांगणाऱ्या या चोर-निवेदकाचा मिस्कीलपणा हरवतो आणि हाती काहीच लागत नाही.

वैकम मुहम्मद बशीर यांच्या ‘मतिलुकळ’ (भिंती) या 1960च्या दशकातील लघुकादंबरीची गोष्ट वेगळी आहे. निवेदक तुरुंगात आहे, नारायणी पलीकडच्या स्त्रियांच्या तुरुंगात आहे आणि मध्ये उंच भिंत आहे. दोघांचे प्रेम केवळ आवाजावर वाढते. यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नासाठी गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1950मध्ये मांडलेल्या खेळातही परीक्षक वेगळ्या खोलीत बसून, समोर न दिसणाऱ्या स्त्री-पुरुषांपैकी स्त्री कोण हे टंकलिखित उत्तरांवरून ओळखू पाहतो आणि त्यानंतरच त्या दोघांपैकी एकाच्या जागी यंत्र येते. (ही पहिली पायरी सांगायला बहुतेक जण विसरतात.)

हे साम्य लक्षात ठेवून कादंबरी वाचली की फरक अधिक ठळक होतो. ट्युरिंग यांचा परीक्षक संशय घेण्यासाठीच बसलेला असतो. बशीर यांच्या निवेदकाला मात्र पलीकडे कोणीतरी असायलाच हवे आहे, त्यामुळे त्याचे प्रश्न पडताळणीसाठी नसून बोलणे लांबावे म्हणून असतात, आणि नारायणीने गुलाबाचे रोप मागितले की तो ते भिंतीवरून टाकतो. शिवाय ती भिंतीजवळ आल्याची खूण म्हणजे भिंतीच्या वर दिसणारी एक वाळकी काटकी. ती कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाही, नारायणी कशी आहे हेही सांगत नाही. ‘मी आत्ता येथे आहे’ एवढेच तिच्यातून कळते. ट्युरिंग यांच्या खेळात या काटकीला जागाच नाही, कारण शरीर आणि त्याची हालचाल तेथे जाणूनबुजून भिंतीआड ठेवलेली आहे. माझ्या मते, आजच्या कल्पनांमुळे या कादंबरीत काही नवे दिसत असेल, तर ते या काटकीचे मोल.

रुग्णालयात भेटण्याचे दोघांचे ठरते, पण त्याआधीच निवेदकाची सुटका होते, आणि वाचकालाही नारायणीचा चेहरा दिसत नाही. आपल्या मंडळाने ही कादंबरी आधी ट्युरिंग यांच्याशिवाय वाचावी आणि चर्चेला मात्र काटकीपासून सुरुवात करावी.