लहानपणी टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तिशीत हार्ट फेल्युअर होऊ शकते का?

आपल्या धाकट्या भावाची ही शस्त्रक्रिया चौथ्या वर्षी झाली आणि 'हृदय आता बरे झाले' असे तेव्हा सांगितले गेले, तर एकतिसाव्या वर्षी त्याचे पाय का सुजतात, हे हार्ट फेल्युअर असेल का, असे आपण विचारले आहे. असू शकते. माझी शस्त्रक्रिया सहाव्या वर्षी झाली होती आणि अडतिसाव्या वर्षी मला नवी झडप बसवावी लागली.

या दोषात उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. १९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून ती प्रथम दुरुस्त केली. मात्र वाट रुंद करताना पुष्कळदा त्या वाटेवरच्या झडपेच्या कड्याला छेद देऊन पॅच लावावा लागतो. मग झडप नीट मिटत नाही, प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे येते आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणत जातो. त्रास बराच काळ जाणवत नाही, कारण आम्ही लहानपणापासूनच बेताने चालायला शिकलेलो असतो. 'दम लागतो का?' या प्रश्नाला मी नेहमी 'नाही' म्हणत असे. पण पहिल्या मजल्यावर थांबून चपलेचा पट्टा सारखा केल्याशिवाय मी दुसरा जिना चढत नव्हतो.

एका डॉक्टरांनी मला सहा महिने लघवीच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, गळती तशीच राहिली. इकोमध्ये डाव्या कप्प्याचे इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते ते) ६० टक्के आले म्हणून हृदय ठीक ठरवले गेले, आणि दोष तर उजवीकडे होता. उजव्या कप्प्याचे आकारमान एमआरआयवर नेमके कळते, म्हणून तो करून घ्या, आणि प्रौढांमधील जन्मजात हृदयदोष पाहणाऱ्या तज्ज्ञांनाच दाखवा. कप्पा फार ताणण्याआधी झडप बदलली तर तो पुष्कळ सावरतो. २००० सालापासून काही रुग्णांना ती छाती न उघडता, शिरेतून कॅथेटर या बारीक नळीनेही बसवता येते.

जुनी फाईलही शोधा. माझ्या डिस्चार्ज कार्डावर 'ट्रान्सॲन्युलर पॅच' (म्हणजे झडपेच्या कड्याला छेद देऊन लावलेला पॅच) हे शब्द कार्बन कॉपीत पुसट उमटले होते आणि ते वाचताच नव्या डॉक्टरांनी तपासणीची दिशा बदलली. पण भावाला धडधड, चक्कर किंवा शुद्ध हरपणे असे काही झाले असेल, तर फाईलसाठी एक दिवसही थांबू नका.