रिकर्व्हच्या बाहूला पीळ पडलाय: आधी पीळ कुठून येतोय ते बघा

तुमचं धनुष्य रिकर्व्ह आहे, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. ते धामणीच्या एकसंध लाकडाचं आहे, टोकं वाफेवर वळवलेली आहेत आणि दोरी चढवली की वरच्या बाहूवर (मुठीपासून टोकापर्यंतच्या भागावर) ती मधोमध न बसता कडेला सरकते. हीट गनने (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने) तापवून उलटा पीळ देऊ का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. आधी दोरी उतरवा, एक डोळा मिटून टोकाकडून मुठीकडे बघा. टोक दोरीशिवायच तिरपं दिसलं, तर वळवतानाच आकार चुकलाय. दोरीशिवाय सरळ आणि दोरी चढवल्यावरच पिळत असेल, तर दोष बाहूच्या जाडीत किंवा टोकाशी दोरी अडकवायच्या खाचांत आहे. तिथे उष्णता देऊन उपयोग नाही, पीळ पुन्हा येणारच.

खाचा लगेच तपासून होतात: दोन्ही बाजूंची खोली आणि उंची सारखी हवी. त्या बरोबर असतील तर जाडीकडे वळा. बाहूची एक कड दुसरीपेक्षा जाड राहिली की ती कमी वाकते. पातळ कड जास्त वाकून पोटाच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे, येते आणि टोक फिरतं. लाकूड काढायचं ते मागे राहिलेल्या, ताठ कडेवरून, आणि तेही पोटाच्या बाजूने. पाठीला, म्हणजे पलीकडच्या बाजूला, हात लावू नका, तिथले तंतू तुटले तर बाहू फाटतो. पेन्सिलने ती कड रंगवा, स्क्रेपरचे (लाकूड खरवडायच्या पात्याचे) थोडे हात मारा, दोरी चढवून अर्ध्याच ओढीपर्यंत काही वेळा सावकाश ओढा आणि पुन्हा बघा. कानस इथे फार वेगाने लाकूड खाते. स्क्रेपर कंटाळवाणा आहे, पण मी तोच वापरायला सांगेन. पीळ वाढताना दिसला तर तुम्ही चुकीच्या कडेवर आहात, तिथेच थांबा. ताठ कड घासली की त्या बाहूचा जोरही कमी होतो, म्हणून खालच्या बाहूशी तोल पुन्हा जुळवावा लागेल.

रिकर्व्हमध्ये हे इतकं त्रास देतं, कारण दोरी वळलेल्या टोकाच्या पोटावर टेकलेली असते. जरा फिरलेलं टोक दोरी आणखी कडेला ढकलतं आणि दोरी कडेला गेली की टोक आणखी फिरतं. म्हणून दोरी कडेवर असताना पूर्ण ओढ घेऊ नका. ती निसटली तर धनुष्य तर जाईलच, तुम्हालाही लागेल.

टोकाचा आकारच तिरका असेल तरच हीट गन. पोटाची बाजू तापवा, गन सतत हलती ठेवा. लाकूड हाताला सहन होणार नाही इतकं तापलं पाहिजे, पण काळं पडता कामा नये. मग क्लॅम्पमध्ये धरून हवं त्यापेक्षा किंचित जास्त उलटं पिळा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. तापवलेलं लाकूड कोरडं आणि ठिसूळ झालेलं असतं. हवेतला ओलावा परत घ्यायला त्याला काही दिवस द्या, दोरी त्यानंतरच. उलट, कोकणातल्या पावसाळ्यात जास्तीचा ओलावा शिरला तर दिलेलं वळण सुटू लागतं, म्हणून काम जमलं की तेल किंवा वॉर्निश लावून टाका. थर चिकटवून केलेल्या धनुष्याला मात्र ही उष्णता देऊ नका, डिंकाचा जोड सुटू शकतो.

आणि दोरी चढवताना पाय आत घालून धनुष्य मांडीवर वाकवत असाल, तर ते आजच बंद करा. त्यात बाहूवर तिरका जोर येतो आणि सरळ केलेलं टोकही पुन्हा पिळतं. पायाखाली धरायचा दोरीचा स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवायचं साधन) घरी करता येतो, दोन्ही टोकांवर सारखा ताण येईल असा.