वाचक विचारतात : ऑलिव्हच्या चोथ्याचं काय करायचं?

प्रश्न : स्पेनमधल्या हाएन भागात तेलघाण्यांचा चोथा परत बागेत जातो, असं वाचलं. मग तो थेट झाडाखाली का टाकत नाहीत?

उत्तर : कारण ताजा चोथा झाडाला बाधतो. तिथे बहुतेक घाण्यांवर १९९०च्या दशकात तेल आणि ओला चोथा असे दोनच भाग काढणारे डिकँटर, म्हणजे वेगाने फिरवून तेल वेगळं करणारी यंत्रं, आले. घाणीतून वेगळं निघणारं काळं सांडपाणी जवळपास थांबलं, पण फळातलं पाणी चोथ्यात उतरलं. १०० किलो फळामागे साधारण २० किलो तेल आणि ८० किलो ओला लगदा निघतो. तिथे त्याला अल्पेरुहो म्हणतात. त्यात ६५ ते ७० टक्के पाणी, शिवाय बी रुजू न देणारी पॉलिफेनॉल्स. कर्ब भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे कुजताना तो मातीतलंच नत्र ओढून घेतो.

सुकवून उरलेलं तेल काढता येतं, पण त्यासाठी या ८० किलोतलं पन्नासएक किलो पाणी उडवावं लागतं. सुकवणीचा कारखाना जवळ नसेल तर वाहतूक आणि इंधनातच पैसे जातात. लहान सहकारी घाणीने सरळ कंपोस्ट करावं.

वजनाने निम्मा लगदा, बाकी ऑलिव्हचा पाला, छाटणीच्या बारीक काड्या आणि मेंढीचं खत. काड्यांत हात आखडू नका. नुसत्या लगद्याचे गोळे होतात, आत हवा जात नाही आणि ढीग आंबतो. तापमान ५५ ते ६५ अंशांवर जाईल. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी ढीग खालीवर करा, ओल ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. सहा ते नऊ महिने लागतात.

फसगत होते ती उन्हाळ्यात. हंगाम हिवाळ्यातला, त्यामुळे ढीग तिथल्या कडक उन्हात सापडतो, वाळतो आणि गार पडतो. खत झालं असं वाटतं. पाणी मारून बघा. पुन्हा तापला तर कच्चाच आहे. खात्रीसाठी एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून गाळा आणि त्या पाण्यात अळीव रुजत घाला. होय, आपलेच लाडवातले अळीव. प्रयोगशाळाही हेच बी वापरतात. दोन दिवसांनी साध्या पाण्यातल्या अळिवाशी मोड आणि मुळांची लांबी ताडून पाहा. मुळं खुरटली तर ढीग आणखी ठेवा.

प्रश्न : आठळ्यांचे तुकडेही ढिगात जातात का?

उत्तर : जाऊ देऊ नका. ते लवकर कुजत नाहीत आणि इंधन म्हणून उत्तम चालतात. तीन-चार मिलिमीटर भोकांच्या चाळणीच्या यंत्रातून लगद्यातून वेगळे काढतात, वाळवतात आणि घाणीच्याच बॉयलरमध्ये जाळतात. तेल काढण्याआधी दळलेली फळं मळताना त्यांना सुमारे २७ अंशांची ऊब लागते, ती या बॉयलरच्या गरम पाण्यातून मिळते. आठळ्यांना गर चिकटलेला राहिला तर त्यातल्या पालाशमुळे राख वितळते आणि जाळीवर खडे धरतात. असे खडे दिसले तर बॉयलरला दोष देण्याआधी चाळण तपासा.