एआयने चित्र काढायचं आणि व्यवहार ब्लॉकचेनवर ठेवायचा, अशी चित्रांच्या ऑर्डरची सेवा चालेल का?

तुमची कल्पना मला अशी समजली: ग्राहकाने वर्णन लिहायचं, एआयने चित्र काढायचं, पैसे आणि मालकी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने सांभाळायची, म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत) अटी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामने. बांधायला फार अवघड नाही. पण ऑर्डरच्या कामात भांडण कुठे होतं ते आधी बघा.

मी बरीच वर्षं इलस्ट्रेशनची कामं घेते. परदेशातल्या एका ताईंना आजीचं चित्र हवं होतं. नऊवारी, नथ, जात्यावर दळायला बसलेली. वेळ वाचेल म्हणून मी आधी एआयकडून कच्ची चित्रं काढून घेतली. चाळीसेक निघाली, एकातही काष्टा धड नाही. बहुतेकींनी सहावारी गुंडाळलेली, आणि जातं म्हणजे दर वेळी काहीतरी माठासारखं. शेवटी मीच हाताने काढलं. त्यावर त्या म्हणाल्या, आजी पदर असा घेत नसे. तोही बदलला. मग म्हणाल्या, छान झालंय हो, पण ही आमची आजी नाही.

आता सांगा, इथे कॉन्ट्रॅक्टने पैसे कोणाला सोडायचे? ग्राहकाची रक्कम अडकवून ठेवणं, कच्च्या रेखाटनाला अमुक टक्के देणं, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर उरलेले आपोआप चित्रकाराला, हे सगळं त्यात लिहिता येतं. पैसे बुडवणारे ग्राहक मीही पाहिलेत, त्यामुळे एवढ्यापुरतं ते मला मनापासून आवडतं. पण ‘पसंत’ हे बटण माणूसच दाबणार. त्याने नाही दाबलं, तर निवाडा करायला तुम्हाला तिसरा माणूस बसवावा लागेल.

हा गुंता जिथे सुटला, तिथे ग्राहकाने पसंतीचा हक्कच सोडलाय. एरिक काल्डेरॉन यांनी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू केलेलं आर्ट ब्लॉक्स हे चित्रविक्रीचं संकेतस्थळ घ्या. चित्रकार आपला कोड इथेरियम या ब्लॉकचेनवर ठेवतो. तुम्ही पैसे भरता, त्या व्यवहारात एक हॅश, म्हणजे आकडे-अक्षरांची लांब खूण, तयार होतो, तो कोडमध्ये जातो आणि चित्र बाहेर पडतं. काय निघेल हे चित्रकारालाही आधी ठाऊक नसतं. जे आलं ते तुमचं, तक्रारीला जागाच नाही. (तिथे एआय नाही, साधा अल्गोरिदम आहे, पण विक्रीची पद्धत तुमच्या कामाची.) मारिओ क्लिंगेमान यांच्या कल्पनेतून २०२१ मध्ये आलेला बॉटो एआयवरच चालतो. यंत्र चित्रं काढत राहतं, टोकनधारक (बॉटोची डिजिटल टोकनं घेतलेले लोक) मतं देतात, दर आठवड्याला एक चित्र निवडून लिलावात जातं आणि ती मतं पुन्हा यंत्राला शिकवायला वापरली जातात. त्याचं पहिलंच चित्र ३ लाख डॉलरच्या वर गेलं होतं, अर्थात तो एनएफटीच्या (ब्लॉकचेनवर मालकी नोंदवणाऱ्या टोकनांच्या) भरतीचा काळ होता. दोन्हीकडे ‘मला माझी आजी हवी’ म्हणणारं कोणी नाही.

तरीही करायचंच असेल तर नोंद नीट ठेवा. ब्लॉकचेनवर सहसा चित्र नसतंच, त्याचा पत्ता असतो. तो पत्ता साध्या सर्व्हरचा असेल तर सर्व्हर बंद पडल्यावर टोकन उरतं आणि चित्र जातं. म्हणून फाइलचा हॅश (फाइलमधूनच निघणारी तिची खूण) नोंदवा, फाइल आयपीएफएसवर, म्हणजे अनेक संगणकांत विखुरलेल्या साठवणीत ठेवा, आणि ती तिथे जिवंत राहावी म्हणून कोणीतरी पिन करत, म्हणजे आपल्याकडे जपून ठेवत राहील हेही बघा. सोबत एआय मॉडेलची आवृत्ती, प्रॉम्प्ट (लिहून दिलेलं वर्णन) आणि सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) हेही नोंदवा. ही तिन्ही आणि बाकी सेटिंग तीच असली तर जवळपास तेच चित्र पुन्हा निघतं, पण मॉडेल तुमच्या हातात असेल तरच. कंपनीने आपल्या सर्व्हरवरचं मॉडेल बदललं की तुमची नोंद नुसती आठवण म्हणून उरते.

कॉपीराइटचं मात्र लेखी ठरवाच, कारण टोकन विकत घेतलं म्हणून तो मिळत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो. आणि संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. तुमच्या सेवेत ती कोण, प्रॉम्प्ट लिहिणारा ग्राहक की तुम्ही? अमेरिकेत तर २०२३ मध्ये कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकमधल्या, मिडजर्नी या एआयने काढलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं, फक्त मजकूर आणि मांडणीला दिलं. तिथल्या ग्राहकाला ‘संपूर्ण हक्क तुमचे’ असं लिहून देऊ नका.

पुनर्विक्रीवर कायम रॉयल्टी मिळेल, हे आश्वासनही चित्रकारांना देऊ नका. ओपनसी या एनएफटीच्या मोठ्या बाजाराने २०२३ मध्येच ती सक्तीने वसूल करणं थांबवलं. एनएफटीच्या नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर, शिवाय १ टक्का टीडीएस, त्यामुळे सीएला आधी भेटा.

मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दहा ऑर्डर साध्या यूपीआयवर घेतल्या असत्या, निम्मे आगाऊ, दोन दुरुस्त्या फुकट, आणि कोण कशावरून अडलं ते वहीत लिहून ठेवलं असतं. त्या वहीत ‘पैसे आले नाहीत’ जास्त वेळा आलं तर कॉन्ट्रॅक्ट लिहायला घ्या.

त्या ताईंनी नंतर घरातला एक जुना फोटो शोधून पाठवला. त्यात आजी पाठमोरी होती. मी तशीच काढली, पाठमोरी, आणि त्यांनी उरलेले पैसे त्याच रात्री पाठवले.